ऐकून सांगतो

"याची स्क्रीनच गेलेली आहे," लॅपटॉप उघडून शाहिस्ता म्हणाली.

"घेतला तवाच गेलेली होती," मल्हार म्हणाला. "मला तिचं काय काम? विंडोज बसेना त्यात, तेवढं बघा."

परंड्याच्या बसस्टँडसमोर शाहिस्ताचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मल्हारला जन्मापासून दिसत नव्हतं. त्याला घेऊन आलेली आई, गजराबाई, मागं भिंतीशी खुर्चीच्या कडेवर बसली होती. पुण्याच्या एका कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायची नोकरी होती, घरी बसून करायची. तिच्यासाठी मल्हारची उद्या दुपारी व्हिडिओवर मुलाखत होती आणि लॅपटॉप नेमका कालच बिघडला होता. मित्राच्या पेनड्राइव्हवरून मल्हारनं घरी विंडोज टाकून पाहिलं होतं. दर वेळी मध्येच बंद पडत होतं.

शाहिस्तानं बाहेरचा मॉनिटर लावायला केबल घेतली. लॅपटॉपची ती खाचही तुटलेली निघाली.

"मला काही दिसल्याशिवाय मी कसं करू? कुर्डुवाडीहून स्क्रीन मागवते. परवा देते."

"परवा घेऊन काय करू, ताई?" मल्हार शांतपणे म्हणाला. "काय करायचं ते तुमी सांगा. काय झालं ते मी ऐकून सांगतो."

शाहिस्तानं स्टूल त्याच्या शेजारी ओढलं.

त्यानं पेनड्राइव्ह लावला, बटणं दाबली. स्क्रीनवर जे यायला हवं ते लॅपटॉप मोठ्यानं वाचू लागला. आवाज इतका भरभर येत होता, की शाहिस्ताला एक शब्द धड कळेना. मल्हार मात्र अर्धं वाक्य ऐकूनच पुढचं बटण दाबत होता. मग आवाज तुटला.

"पडलं," तो म्हणाला. "फायली घ्यायला नुकती सुरुवात झालती."

शाहिस्तानं नवा पेनड्राइव्ह काढला, त्यावर सगळं पुन्हा भरून दिलं. त्यावरूनही मध्येच बंद पडलं. मग दुसऱ्या खाचेत लावून पाहिला. बराच वेळ चाललं आणि बंद पडलं.

मल्हार मान तिरकी करून बसून राहिला. "ताई, ह्ये एका जागी पडत न्हाय. आधी सुरुवातीला पडलं, मग निम्म्यात. आता तर संपत आलतं."

शाहिस्ताचा हात थांबला. फाईल खराब असती तर बहुतेक तिथंच अडकलं असतं. जागा बदलतेय, म्हणजे पेनड्राइव्ह बिचारा ठीकच असणार, दोष लॅपटॉपच्या मेमरीत असावा. तिनं लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले. आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. तिनं त्याचं बोट धरून त्यांच्यावर ठेवलं.

"यातली एक बिघडली असेल. एकेक काढून बघू."

"मी काढू?"

तिनं चाप कसे सोडायचे ते सांगितलं. त्यानं एक पट्टी काढली आणि पुन्हा सुरू केलं. पडलं. मग तीच बसवून दुसरी काढली.

या वेळी आवाज चालत राहिला. एष्ट्या आल्या, गेल्या. दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली, त्यांना शाहिस्तानं हातानंच बसायला सांगितलं. मल्हार मधूनमधून सांगत होता, "निम्मं झालं." "चाललंय."  शेवटी तो हसला.

"नाव इचारतंय माझं."

त्यानं नाव टाईप केलं. पुढचं बरंचसं त्यानं एकट्यानंच केलं. शाहिस्ता नुसती बघत राहिली. इतकी वर्षं हे काम करत होती, पण असं कुणाच्या कानावर विसंबून तिनं मशीन दुरुस्त केलं नव्हतं.

"कॅमेरा चालतोय का बघायचं हाय," तो म्हणाला. "आता मातर डोळं तुमचं."

त्यानं लॅपटॉपवरून तिच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला. मोबाईलवर त्याचं नुसतं कपाळ आलं.

"वरचं झाकण थोडं मागं करा. अजून. बास." त्याचा चेहरा मधोमध आला. मागं गजराबाईही दिसत होती.

"मावशी, तुम्ही पण येताय बघा यात."

गजराबाई लगबगीनं उठू लागली.

"बस गं, आई," मल्हार म्हणाला. "उद्या मुलाखतीला बी माझ्या मागं असंच बसायचंय तुला."

गजराबाई खाली बसली आणि त्या काळ्या स्क्रीनकडं बघत तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.