सैल दोरी

“दोरी बांधली की ताण आलाच. संसारात येतो, मग उतारावर का येणार नाही?” भौतिकशास्त्राचे सर म्हणाले आणि स्वतःच हसले. दुसरं कुणी हसण्याची वाट पाहिली तर तास वाया जातो, हे ते अनुभवाने शिकले होते.

प्रयोगशाळेत त्यांच्यासमोर एक विद्यार्थिनी आणि तिची आई उभी होती. भांडण दोन मार्कांचं होतं. खडबडीत उतारावर दोरीने जोडलेल्या दोन पेट्या. वरची दोन किलोची, खालची तीन किलोची, लाकूड दोन्हींचं एकच. पेट्या घसरतात, त्वरण आणि ताण काढा. मुलीने लिहिलं होतं, त्वरण दोन, ताण शून्य. सरांनी त्या शून्याशेजारी लाल शाईने आणखी एक शून्य ठेवलं होतं. त्यामुळे तिला तेहतीस मार्क पडले होते. पास व्हायला पस्तीस हवे होते आणि प्रवेशपरीक्षेच्या फॉर्मवर नापासांना सर सही देत नसत. फॉर्मची मुदत आज पाचला संपत होती.

“सर, गाइडात खालच्या पेटीचं घर्षण धरायचं राहून गेलंय,” मुलगी म्हणाली.

सरांनी गाइड उघडलं. ताणाचं उत्तर : चार पूर्णांक आठ. गाइड सरांनीच लिहिलेलं होतं. एकोणिसावी आवृत्ती.

“चूक असती तर इतक्या वर्षांत कुणीतरी बोललं असतं.”

युक्तिवाद बिनतोड होता. गाइडावर श्रद्धा ठेवल्याशिवाय तिथे कुणी पास होत नसे.

आई लोकांचं घरसामान हलवायची. टेम्पो स्वतःचा, चालवायचीही स्वतःच. कामावरून तशीच आली होती, खांद्यावर दोरीचं वेटोळं. फाटकावर पहारेकऱ्याने अडवून विचारलं होतं, “काय न्यायला आलात?”

“दोन मार्क,” ती म्हणाली होती.

आता तिने कोपऱ्यातली लांब फळी उचलली. “सर, घेऊ का जरा?” फळीचं एक टोक तिने स्टुलावर टेकवलं. कपाटातून वजनांच्या दोन लाकडी पेट्या काढल्या, त्यांना सुतळीने जोडलं.

“जड पेटी खाली ठेवा,” सर म्हणाले. “ती वरचीला ओढणारच.”

“ठेवते. सुतळी थोडी सैल सोडते. ताण असेल तर ताठ होईल ना?”

“होणार म्हणजे होणार!”

पेट्या हलल्या नाहीत. आईने फळीवर तळहात फिरवला. “उतार बोटभर कमी पडतोय,” असं म्हणून तिने सरांच्या हातातलं गाइड घेतलं आणि फळीखाली सरकवलं. एकोणीस आवृत्त्यांत त्याचा इतका नेमका उपयोग कुणी केला नव्हता.

तिने दोन्ही पेट्या एकदम सोडल्या. त्या बरोबरीने खाली आल्या. मधली सुतळी जेवून आडवं झाल्यासारखी ऐसपैस सैल.

“पुन्हा,” सर म्हणाले.

पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पेट्या सरांनी स्वतः सोडल्या. सुतळीने त्यांचीही भीड ठेवली नाही.

“मग बांधायची कशाला ही दोरी?” सरांचा आवाज दुखावला होता.

“ते प्रश्न काढणाऱ्याला विचारा ना, सर,” मुलगी म्हणाली. आईने तिच्या दंडाला चिमटा काढला, पण हळूच.

सरांनी लाल पेन काढलं. शून्य खोडलं, दोन लिहिले. फॉर्मवर सही केली. पाचाला वीस मिनिटं कमी होती. मुलगी फॉर्म घेऊन धावत सुटली.

“बाई, हे सगळं टेम्पोवर शिकलात?” सरांनी विचारलं.

“नाही, सर. तुमच्याच वर्गात. तिसरा बाक, खिडकीपाशी. तुमच्या गाइडाची तेव्हा पहिली आवृत्ती होती.” आईने दोरी खांद्यावर नीट केली. “मीही शून्यच लिहिलं होतं. दोन मार्क इथे राहून गेले होते माझे. आज घेऊन चालले.”