चार बोल्ट

मेकॅनिकने वॉशिंग मशीन भिंतीपासून ओढून तिरकं केलं. आता तो पाठीमागे बघणार. पाठीमागे चार बोल्ट होते. काल दुपारी नवरा एन्नो कामावर असताना माइकेने स्वतःच्या हाताने पाना लावून ते आवळले होते.

नवं मशीन येतं तेव्हा वाटेत आतला ड्रम आपटू नये म्हणून हे बोल्ट लावलेले असतात. घरी आल्यावर ते काढायचे, भोकांवर प्लास्टिकची टोपणं बसवायची आणि बोल्ट बरणीत घालून तळघरात जपून ठेवायचे. एम्डन गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त एन्नोला ठाऊक नव्हतं. बोल्ट परत लावायची वेळ एकदाच येते, घर सोडताना.

माइके घर सोडणार होती. आज, अकरा वाजता. तिचा भाऊ ओल्डेनबुर्गहून टेम्पो घेऊन निघालाही होता. तिथे भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत नुसत्या भिंती होत्या. पलंग नसता तरी चाललं असतं, पण मशीन हवंच होतं. तिची सहा वर्षांची मुलगी फेन्या बापाचा आवाज चढला की अंथरूण ओलं करायची, आणि आवाज रोज चढायचा. मनगटावरचे वळ झाकायला माइके जूनमध्येही लांब बाह्या घालायची. मागे एकदा तिने नुसतं 'आईकडे जाते' म्हटलं होतं, तर एन्नोने तिला जिन्यावरून ढकललं होतं.

फेन्या शाळेत होती, तिला जाता जाता घ्यायचं होतं. सगळं जुळून आलं होतं. माशी शिंकली ती आज सकाळी. एन्नो सहाला गोदीत जायचा. आज त्याला कामाचे कपडे मळके दिसले आणि त्याने ते स्वतःच मशीनमध्ये कोंबले. लग्नाला सात वर्षं झाली, पण या बाबाने कधी मशीनच्या बटणाला बोट लावलं नव्हतं. आतला ड्रम बोल्टांनी जखडलेला, त्यामुळे कपडे पिळायची वेळ आली आणि मशीन जे थयथयाट करत सुटलं, ते थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं. एन्नोने दुपारची पाळी मागून घेतली आणि मेकॅनिक बोलावला.

मेकॅनिकचं नाव हार्म्स. साठी उलटलेला, मोजकं बोलणारा माणूस. एव्हाना पावणेदहा झाले होते.

"काका, हिच्या हाताला लागलेली एक वस्तू धड राहत नाही," एन्नो दारात उभा राहून म्हणाला. "तुमच्या घरी तरी बरं आहे का? पोरंबाळं?"

"एक मुलगी होती," हार्म्स म्हणाला.

एन्नोचं लक्ष नव्हतं. माइकेने कपातल्या खडीसाखरेवर चहा ओतला. तिचा हात कापत होता, थोडा चहा बशीत सांडला.

हार्म्सने एक घोट घेतला, बॅटरी पेटवली आणि मशीनच्या पाठीमागे वाकला. उजेड पहिल्या बोल्टवर थांबला. मग दुसऱ्यावर. तिसरा, चौथा. त्याने मान वळवून माइकेकडे पाहिलं, तिच्या लांब बाह्यांकडे पाहिलं. तिचा हात एप्रनच्या खिशात होता. खिशातली चार टोपणं तिने मुठीत इतकी आवळली होती की ती तळव्याला रुतली. आता हा बोलला की संपलं, असं तिला वाटलं.

"काय निघालं?" एन्नोने विचारलं. "हिनेच काहीतरी केलंय ना?"

हार्म्स सावकाश उठला. त्याने गुडघे झटकले.

"शॉक अब्सॉर्बर गेलेत. दोन्ही. जुने झाले की जातात. बाईंचा काही दोष नाही."

"मग घाला की नवे."

"माझ्याकडे नाहीत. लेअरला, तिथल्या दुकानात मिळतील. मी गेलो तर त्या फेरीचे वेगळे पैसे पडतील, आणि काम जाईल उद्यावर. तुम्ही आणलेत, तर तोवर मी मशीन खोलून ठेवतो."

पैसे वाचणार असले की एन्नो गोगलगायीचा घोडा व्हायचा. हार्म्सने पार्टचा नंबर लिहून दिलेली चिठ्ठी त्याने खिशात घातली आणि निघताना माइकेवर बोट रोखलं. "आल्यावर बघतो तुझ्याकडे."

एन्नोची गाडी कालव्यापलीकडे वळेपर्यंत हार्म्स खिडकीशी उभा राहिला. माइकेने सवयीने दुसरा कप भरायला किटली उचलली. इथे तीन कप झाल्याशिवाय पाहुणा उठत नाही. हार्म्सने रिकाम्या कपात चमचा उभा केला. पुरे.

"मशीन न्यायला गाडी किती वाजता येणार?" त्याने विचारलं.

"अकराला," ती कशीबशी म्हणाली.

"फोन कर. म्हणावं, कुठे थांबू नकोस. मी तोवर नळ्या काढतो. लेअरला जाऊन यायला तासाच्या वर लागतो, आणि चिठ्ठीतला नंबर मी मनचाच लिहिलाय. दुकानदार शोधत बसेल."

फोन करून ती परत आली तेव्हा हार्म्स फरशीवर बसून नळी सोडवत होता. बोल्टांना त्याने हात लावला नव्हता.

"तुम्ही मला ओळखतही नाही," ती म्हणाली. "मग त्याला सांगितलं का नाहीत?"

हार्म्सने वर पाहिलं नाही.

"नऊ वर्षांपूर्वी जावयाने असाच फोन केला होता. म्हणाला, बाबा, मशीन नाचतंय. मी गेलो, मागे पाहिलं आणि हसलो. म्हटलं, वीबके, वेडाबाई, हे घर सोडताना लावतात गं." त्याने नळीचं तोंड बादलीत सोडलं. "ती चहा ओतत होती. तिचा हात कापत होता, तो मला दिसलाही होता, पोरी. आणि मी चारही बोल्ट काढून जावयाच्या हातावर ठेवले."