पत्राची मागली बाजू

आमदारांचं महिन्याचं छापील पत्र कुरुळीत आलं की दौलतराव पाटलांनी ते चावडीवर वाचायचं आणि गावानं समोर बसून ऐकायचं, असा रिवाज होता. गावात अक्षर लागायचं ते त्यांनाच. सत्तावन्न सालच्या चैत्रातलं पत्र मात्र त्यांनी आधी घरी वाचलं. मागल्या बाजूला नवा कायदा होता : कूळ कसतं ती जमीन आता कुळाची. आणि चावडीवर येणारी निम्मी माणसं त्यांचीच कुळं होती.

चावडीवर वाचताना, जवळचं दिसत नसल्यानं त्यांनी कागद हातभर लांब धरला. चाकणच्या रस्त्यावर खडी पडणार, देवीची लस टोचायला माणूस येणार, उरुसातल्या कुस्त्यांना आमदार स्वतः येणार.

"झालं," म्हणत त्यांनी कागदाची घडी घातली.

"पाटील, मागल्या अंगाला काय लिवलंय?" पुढंच बसलेल्या रहमतबीनं विचारलं. नवऱ्यामागं पाटलांचं दोन एकर रान तीच कसत होती.

"काय न्हाई. कोरं हाय."

"आमाला वाचाय येत न्हाई, पाटील," ती शांतपणे म्हणाली. "पर तुमी वाचत हुता तवा मागली बाजू आमच्याकडंच हुती. कोरा कागद वळखू येतो आमाला."