चार दिवसांचा खोळंबा

तिने गुलाबी चिठ्ठी अंगठ्याने भिंतीवर दाबली आणि दोन पावले मागे सरली.

बैठकीच्या खोलीची अख्खी भिंत खाकी कागदाने मढवली होती, आणि त्या कागदावर कारखान्याचे पोट उघडे पडले होते. गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह पितळेचा ठोकळा होऊन दारातून आत येतो, तो खोक्यात बंद होऊन बाहेर पडेपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून जातो, हे तिने तीन आठवडे त्याच्या मागे चालून टिपले होते. पिवळी चिठ्ठी म्हणजे काम, गुलाबी म्हणजे खोळंबा. पिवळ्या एकेचाळीस झाल्या. गुलाबी एकच; पण ती नेमकी कारखानाप्रमुखांच्या टेबलावर बसली होती.

"सहा तासांत व्हॉल्व्ह तयार होतो," ती मालकांना म्हणाली. "यंत्रावर दोन मिनिटांत तपासलाही जातो. आणि मग चार दिवस पडून राहतो. साहेबांच्या एका सहीसाठी."

चिठ्ठीच्या तळाशी तिने दोन शब्द लिहिले होते: कामात अडथळा.

हे शब्द तिला सुचलेले नव्हते; तिने ते बारा वर्षे जपले होते. तिचे बाबा याच कारखान्यात तपासनीस होते. एका सकाळी त्यांच्या हाती एक कागद ठेवला गेला. कारणाच्या जागी हेच दोन शब्द, आणि खाली याच साहेबांची सही. बाबांनी कागदाची घडी केली, कपाटात ठेवली आणि त्या विषयाला कुलूप लावले. कोणी विचारलेच तर, "झालं ते झालं." बाबांनी सोडून दिले, तिने मात्र दात धरला. लग्नानंतरचे आडनाव कामी आले. सल्लागार म्हणून ती या दारातून आत शिरली तेव्हा तिला कोणी ओळखले नाही.

सूड घ्यायचा तर खोटे बोलावे लागते, असा एक समज आहे. तो भोळा आहे. पुष्कळदा एखादे खरे गाळले तरी भागते.

मागच्या शेडमध्ये तिने मांडणीवर ओळीने लावलेले व्हॉल्व्ह पाहिले होते, आणि ब्रशाने त्यांना साबणाचे पाणी फासणारा भांडारवालाही.

"हे काय चाललंय?"

"साहेबांचं खूळ, मॅडम. चार दिवस गॅसच्या दाबाखाली ठेवायचे आणि पाचव्या दिवशी अंघोळ घालायची. बुडबुडा नाही आला, तर सही."

"येतो का कधी?"

"वर्षाकाठी एखादा. उगाच खोटं कशाला बोलू? दिसायला अगदी सोन्यासारखा असतो हो, यंत्रावर पास झालेला."

दिसेल ते लिहायचे, हा तिच्या धंद्याचा पहिला नियम. त्या दिवशी तिने पेनाला टोपण लावले होते.

आता मालक साहेबांकडे वळले. "काय हो, हे चार दिवस कुठल्या कागदात आहेत?"

"कागदात नाहीत."

"मग कोणी ठरवले?"

साहेब चिठ्ठीकडे पाहत होते. तळाच्या दोन शब्दांवर त्यांची नजर अडली. मग त्यांनी प्रथमच तिचा चेहरा नीट न्याहाळला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, विसरलेले नाव आठवावे तसा.

"ठरवणारा माणूस आता इथे नाही," ते म्हणाले.

"मग त्याचा नियम तरी कशाला हवा?" ती म्हणाली.

मालक खो खो हसले. त्याच बैठकीत सही रद्द झाली. "तुम्हीही पुष्कळ राबलात, साहेब. आता घरी आराम करा," असे मालकांनी सुनावले, तेव्हा साहेबांनी मान हलवली आणि खुर्ची आवाज न करता मागे सारली. शेडमधल्या मांडण्या दुपारपर्यंत रिकाम्या झाल्या. माल ट्रकमध्ये चढताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आणि मग भिंतीवरची गुलाबी चिठ्ठी सोलून पर्समध्ये ठेवली.

संध्याकाळी ती माहेरी गेली. बाबांनी स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलला होता आणि नळ बंद करून ते त्याच्या तोंडाकडे टक लावून उभे होते. ही त्यांची जुनी खोड. वॉशर बसवला की चहा निवला तरी ते तिथून हलत नसत.

तिने चिठ्ठी टेबलावर चिकटवली. "घ्या बाबा. तुमचेच शब्द, त्याच्याच नावापुढे. घालवला त्याला."

बाबांनी चष्मा लावला. चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"चार दिवस? आणि तो काहीच बोलला नाही?"

"काय बोलणार? म्हणे, ठरवणारा माणूस आता इथे नाही. दातखीळच बसली हो त्याची."

बाबा खुर्ची ओढून बसले. त्यांनी चिठ्ठीचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ केला.

"आणि पाचव्या दिवशी," त्यांनी विचारले, "साबणाचं पाणी लावत होता का गं तो?"

साबणाच्या पाण्याबद्दल ती कोणापाशी एक अक्षर बोलली नव्हती.

"तुम्हाला कसं माहीत?"

"ते चार दिवस मीच मागितले होते, बाळ," बाबा म्हणाले. "म्हणून तर मला काढलं."