सतरावी काच

लॅबमध्ये वीस वर्षं काचांचे ट्रे वाहणाऱ्या मामांच्या आतड्यातून काढलेला मांसाचा कोंब मीच तपासला होता. कॅन्सर सुरुवातीचा, पण मूळ दोन मिलिमीटर खोल गेलेलं. “अशा शंभरांतल्या दहाजणांचा कॅन्सर आतड्याजवळ सगळ्यांनाच असतात त्या लसिकागाठींपर्यंत पोचलेला असतो. कोणाचा, ते गाठींसकट आतडं कापल्याशिवाय कळत नाही,” मी म्हणाले. मामांनी माझ्या शब्दावर कापून घेतलं. आज पोटावरची शौचाची पिशवी शर्टाखाली सावरत ते समोर बसले. “सतराच्या सतरा गाठी स्वच्छ, मामा.” “छान.” मग म्हणाले, “म्हणजे कापलं नसतं तरी चाललं असतं?” मी रिपोर्टचा कागद पुन्हा उघडला. “असू द्या. काचेत दिसेल तेवढंच तुम्ही सांगणार.” सवयीने त्यांच्याच गाठींच्या काचांचा ट्रे माझ्यापुढे सरकवून ते गेले. मी सतरावी काच पुन्हा मायक्रोस्कोपखाली ठेवली. कॅन्सरची एखादी तरी पेशी सापडावी, असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.