पेटीची फुंकर

गॅसच्या कारखान्यातल्या त्या छोट्या खोलीत विजेच्या यंत्राची एक पेटी होती. लांबून नळीतून आलेली स्वच्छ हवा तिच्यात अखंड भरत राही, आणि त्या दाबापुढे गॅसची तिच्या उंबऱ्याशी फिरकायची टाप नसे. गॅस आत शिरलाच, तर एका ठिणगीत सगळा खेळ खलास.

आज खोलीतलाच गॅसचा पाइप फुटला आणि दार काही केल्या उघडेना. आत अडकलेल्या मेकॅनिकचा मेहुणा, त्याचा कामातला जोडीदार, भिंतीला टेकून घसरत खाली बसला. त्याचे ओठ निळे पडू लागले.

"अरे ए, डोळे मिटू नकोस! तुझ्या ताईला काय तोंड दाखवू मी?"

मेकॅनिकनं पेटीची नळी हिसकून काढली आणि त्याच्या तोंडाशी धरली. पेटीची फुसफुस थांबली. मेहुणा घाबऱ्याघुबऱ्या पेटीकडे बोट दाखवू लागला.

"तिची काळजी नको. दाब उतरला की ती आपली आपण वीज तोडते. ऊठसूट तोडते मेली, म्हणून तर साहेब माझ्यावर डाफरतात. तू श्वास घे, राजा."

पेटीवरचा विजेचा दिवा विझायची तो वाट पाहू लागला. दिवा जळतच राहिला.



छातीत हवा भरल्यावर मेहुण्याला पहिल्यांदा शब्द फुटले, "दाजी, तुम्हाला रोज बोलणी बसायची, ते बघवत नव्हतं हो... तिचं ते वीज तोडणं मी परवाच बंद करून ठेवलंय."