मुकं स्टूल

स्टूल करकरलं नाही.

ड्रमर पुन्हा डावीकडे कलला. मग उजवीकडे. मग अर्धा उठून धप्पकन खाली बसला. स्टूल ढिम्म. काचेपलीकडून निर्मात्यांचा आवाज हेडफोनमध्ये आला, "मास्तर, कलताय ना नीट?"

"कलता येईल तेवढं कललो, साहेब. आणखी कललो तर थेट जमिनीवर."

सगळे त्याला 'स्टूलवाले' म्हणायचे. त्याआधी कितीतरी वर्षं तो दुसऱ्यांच्या गाण्यांवर ड्रम वाजवत होता, तेव्हा त्याला कुणी काहीच म्हणत नव्हतं. मग एका रेकॉर्डिंगला त्याचं स्टूल मध्येच करकरलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. गाणं तसंच बाजारात गेलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. शब्द विसरायचे, करकर तेवढी तोंडानं काढायचे. एका जाणकारानं तर तिला 'एकटेपणाचा हुंकार' वगैरे म्हटलं. तेव्हापासून जो तो फोन करायचा, "मास्तर, सोमवारी येताय ना? आणि ते आणताय ना?" ते आलं नसतं तर रेकॉर्डिंग रद्द. मास्तर नसते आले तरी भागलं असतं.

गाणं कुठं फसतंय हे त्याला ड्रममागं बसल्या बसल्या कळायचं. एकदा सांगायला तोंड उघडलं, तर उत्तर आलं, "मास्तर, तुम्ही फक्त कला."

आजचं काम मात्र मोठं होतं. समोर गायला खुद्द बाई होत्या. त्यांच्या आवाजावर अख्ख्या कंपन्या उभ्या होत्या. आजचं गाणं जमलं तर त्यांच्या नव्या रेकॉर्डची सगळी गाणी त्याला मिळणार होती. नाही जमलं तर स्टूलवाले संपले.

त्यानं कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला.

"आई, स्टुलाला कुणी हात लावला होता?"

"हात कशाला, तेल लावलं. शिलाई मशीनला घातलं, दारांना घातलं, थोडं उरलं. किती कण्हत होतं रे ते! तुला त्यावर बसवतं तरी कसं?"

"अगं, त्या कण्हण्यावर आपलं घर चालतं!"

"मग आता वाजवून चालव. शिकलायस ना?"

इकडे निर्मात्यांनी आणीबाणीच पुकारली. स्टुडिओतली एकूण एक वस्तू ताणून, दाबून, पिळून बघितली. जिन्याचं दार करकरलं, पण बेसूर. रेकॉर्डिस्टचा गुडघा चांगला सुरात होता, पण तिसऱ्या बैठकीनंतर त्याला उठता येईना. शेवटी निर्माते स्वतः माइकसमोर उभे राहिले आणि डोळे मिटून "कर्र... कर्र..." करू लागले. बाई हाताची घडी घालून बघत होत्या.

"जाऊ दे," निर्माते घाम पुसत काचेपलीकडच्या आपल्या मोठ्या खुर्चीत जाऊन पडले. "करकर नाही, तर गाण्यात राहिलं काय? मास्तर, तुम्ही निघा. स्टूल ठीक झालं की कळवा."

"म्हणजे बिघडलं की कळवू?"

"निघा हो!"

ड्रमरनं काठ्या पिशवीत टाकल्या आणि दारापर्यंत गेला. रेकॉर्डिंगमध्ये ड्रमरनं बोलायचं नसतं. पण हाकललेल्या ड्रमरला कसला आलाय नियम?

"बाई," तो वळून म्हणाला, "लेक घर सोडून चाललीय, आई दारात उभी आहे, असं हे गाणं. आणि मागं मी धडाधड बडवतोय. ती लेक चाललीय की पळतेय?"

बाईंना हसू आलं. "मग काय करावं?"

"ड्रम काढा. पहिल्या कडव्यातले काढा, दुसऱ्यातले काढा. सगळेच काढा. नुसता पियानो, तोही जपून. आणि दोन ओळींच्या मध्ये घाई नको. आईला जरा बघू दे तिच्याकडे."

निर्माते काहीतरी म्हणणार होते. तेवढ्यात बाईंनी पियानोवाल्याला खूण केली.

गाणं संपलं तेव्हा रेकॉर्डिस्ट गुडघा चोळायचा विसरला होता. निर्मात्यांनी पुसायला म्हणून चष्मा काढला होता, तो हातातच राहिला.

"हेच ठेवायचं," बाई म्हणाल्या. मग ड्रमरकडे बघून, "पण तुम्ही तर स्वतःचंच काम काढून टाकलंत की हो! आता पुढच्या गाण्यांत तुम्ही करणार काय?"

ड्रमरनं थोडा विचार केला. पिशवी दाराशी ठेवली. मग काचेला वळसा घालून पलीकडच्या खोलीत गेला आणि निर्मात्यांच्या मोठ्या खुर्चीजवळ जाऊन उभा राहिला.

"साहेब," तो अदबीनं म्हणाला, "जरा उठता का?"